‘खोलवर दिसतं’ म्हणजे नेमकं किती?

रात्री लाईट गेली की मोबाईलचा टॉर्च बोटांमागे धरून बघा. टॉर्च पांढरा, पण बोटं लाल दिसतात. निळा-हिरवा प्रकाश रक्तातलं हिमोग्लोबिन शोषून घेतं, लाल तेवढा पार होतो. आजचा पेपर समजायला एवढं पुरेसं आहे.

पेपर २००९चा, ‘फासेब जर्नल’मधला. अभिजित डे, प्रीथा रे, लोनिंग आणि संजीव गंभीर यांचा ‘ब्रेट३’. डे आणि रे या दोघांनीही आपल्या रायगडात, खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये प्रयोगशाळा चालवल्या आहेत. पेणहून पनवेल गाठलं की पुढे लोकलने जाता येतं इतकं जवळ.

कल्पना सुरेख आहे. रेनिला या समुद्री जीवाचं ल्युसिफरेज आठ जागी बदलून जास्त तेजस्वी केलेलं. त्याची निळी ऊर्जा शेजारचं एम-ऑरेंज प्रथिन घेतं आणि नारिंगी प्रकाश देतं. जिवंत उंदरात आधीच्या जोड्यांपेक्षा जास्त उजेड बाहेर येतो. हे यश खरंच आहे.

पण ‘रेड-शिफ्टेड’ हा शब्द वाचून थांबू नका. पहिल्या वर्षी मी थांबले होते. एम-ऑरेंजचा प्रकाश साधारण ५६० नॅनोमीटरचा. ऑक्सिजन असलेल्या हिमोग्लोबिनच्या शोषणाची दोन शिखरं ५४० आणि ५७७च्या आसपास आहेत. म्हणजे प्रकाश लालकडे सरकला, पण अजून अडचणीच्या पट्ट्यातच आहे! शोषण झपाट्याने कमी होतं ते ६००च्या पुढे. याच गटाने २०११मध्ये ‘पीएनएएस’मध्ये ६३५ नॅनोमीटरची जोडी आणली. दोन्ही पेपर शेजारी ठेवून वाचा, सुधारणा कुठे हवी होती ते आपोआप कळतं.

दुसरी शंका गुणोत्तराची. ब्रेटमध्ये दोन रंगांचं गुणोत्तर मोजतात. निळा जास्त शोषला जातो, नारिंगी कमी. मग गाठ खोल गेली की पेशीत काहीच न बदलता गुणोत्तर बदलतं. खोलीची दुरुस्ती केली नाही, तर तो आकडा पेशीचा नसून मांसाच्या जाडीचा असतो.

तिसरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. हा उजेड पडायला सीलेंटेराझीन टोचावं लागतं, आणि पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा पंप ते पेशीबाहेर फेकतो. हाच पंप केमोची काही औषधंही बाहेर फेकतो. आता विचार करा: औषधाला दाद न देणारी पेशी जिवंत आहे, रिपोर्टर जनुक चालू आहे, तरी पडद्यावर अंधार. तुम्ही वहीत लिहाल, ‘उपचार लागू पडला.’

म्हणून रिपोर्टरचा पेपर हातात आला की तीन गोष्टी विचारा. प्रकाश किती नॅनोमीटरचा? खोलीचा परिणाम वेगळा काढलाय का? आणि अंधार दिसला, तर जनुक बंद आहे की सबस्ट्रेटच पोचलं नाही? मुलाखतीतही हेच विचारतात. पण त्यापेक्षा, उद्या तुमच्या आकड्यावर कुणाचं तरी औषध ठरणार आहे.