साक्षीदाराच्या पिंजऱ्यात प्रेक्षक
(‘दृश्यम’ : मूळ चित्रपट, त्याची रूपांतरे आणि आपण)

एका भाषेत गाजलेला चित्रपट दुसऱ्या भाषेत नव्याने निर्माण होतो, तेव्हा मूळ कृती सरस की रूपांतर सरस, हा प्रश्न प्रथम विचारला जातो. तो रास्त आहे. परंतु गुन्ह्याची कथा सांगणाऱ्या चित्रपटाच्या बाबतीत तो पुरेसा नाही. अशा चित्रपटाचे खरे मोजमाप पडद्यापेक्षा प्रेक्षागृहात होते. प्रेक्षक कोणासाठी जीव मुठीत धरून बसतो, टाळ्या कोठे वाजवतो आणि घरी परतताना कोणाला विसरतो, हे पाहिले म्हणजे कथेने त्याच्या मनाशी काय केले ते उमगते. या दृष्टीने ‘दृश्यम’इतका बोलका नमुना अलीकडच्या भारतीय चित्रसृष्टीत क्वचितच सापडेल.

मूळ ‘दृश्यम’ मल्याळम भाषेतला. जीतू जोसेफ यांनी लिहिलेला व दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९ डिसेंबर २०१३ रोजी प्रदर्शित झाला. मोहनलाल यांनी त्यात जॉर्जकुट्टी हा केबलचा व्यवसाय करणारा गृहस्थ साकारला. पाठोपाठ २०१४ साली कन्नड व तेलुगू, २०१५ साली तमिळ व हिंदी, २०१७ साली सिंहली आणि २०१९ साली चिनी, अशी रूपांतरे झाली. हिंदी ‘दृश्यम’ ३१ जुलै २०१५ रोजी आला. त्याचे दिग्दर्शक होते आपले मराठी निशिकांत कामत, आणि कथा केरळच्या डोंगराळ मुलखातून थेट गोव्यात आली. जॉर्जकुट्टीचा विजय साळगावकर झाला.

कथा बहुतेकांना ठाऊक आहे. चौथीत शाळा सुटलेला, चित्रपटवेडा, पत्नी आणि दोन मुली यांच्यावर जीव टाकणारा हा माणूस. एक उद्दाम तरुण थोरल्या मुलीचे स्नान करतानाचे चोरून चित्रण करतो आणि तिला व तिच्या आईला नको त्या मागणीने कोंडीत पकडतो. झटापटीत मुलीच्या हातून तो मरतो. तरुणाची आई पोलीस दलातील उच्च अधिकारी निघते. मग बाप प्रेत नाहीसे करतो आणि त्या दिवशी आपण गावात नव्हतोच, असा बनाव रचतो.

बनावाची रीत मात्र बारकाईने पाहण्याजोगी आहे. विजय कोणा साक्षीदाराला पैसे चारत नाही की धाक घालत नाही. घटना घडून गेल्यावर तो कुटुंबाला पणजीला नेतो. बसचा वाहक, हॉटेलचा मालक, चित्रपटगृहातील माणूस यांच्या नजरेत भरेल असे वागतो. काही दिवसांनी तो त्याच माणसांना पुन्हा भेटतो आणि आपली आधीची भेट २ व ३ ऑक्टोबरची होती, हे बोलता बोलता त्यांच्या मनावर ठसवतो. पुढे ही माणसे पोलिसांसमोर जे सांगतात, ते त्यांच्या लेखी सत्यच असते. खोटे बोलत नसूनही ती असत्याची साक्ष देतात. डोळ्यांनी पाहिलेले चित्र स्मृतीत इतके खोल रुतते की तारखेची चूक त्याच्या आड सहज दडते. शीर्षकाचा अर्थ येथे उलगडतो.

आता प्रेक्षकाकडे वळू. या प्रामाणिक साक्षीदारांना निदान सत्य ठाऊक नव्हते. आपल्याला ते ठाऊक असते. तरुण कसा मेला, कोणाच्या हातून मेला, हे आपण पाहिलेले असते. आणि तरीही चौकशीच्या प्रसंगी बनावातला एकही टाका उसवू नये, अशी आपलीच धडपड चालते. चित्रपट लोकांच्या एवढा अंगवळणी पडला, की दरवर्षी २ ऑक्टोबर उजाडला म्हणजे पणजीचा सत्संग आणि पावभाजी यांवरचे विनोद मोबाइलवरून फिरू लागतात. केरळात हाच मान २ ऑगस्टला मिळतो, कारण मूळ कथेतली तारीख ती आहे. गंमत म्हणून हे ठीक; पण त्यात दडलेले सत्य मोठे मार्मिक आहे. एका काल्पनिक माणसाने साक्षीदारांना पढवलेले असत्य लक्षावधी लोकांना तोंडपाठ झाले आहे, आणि तेही महात्मा गांधींच्या जयंतीदिनी! हा योगायोग सुचवणाऱ्याला त्यातला उपरोध अभिप्रेत होता की नाही, कोण जाणे. प्रेक्षकाच्या तो क्वचितच ध्यानी येतो.

रूपांतर होताना एक बदल असा झाला की जो आपल्या वाचकांना विशेष जाणवावा. मूळचा जॉर्जकुट्टी ख्रिस्ती आहे. आपण कुटुंबासह तोडुपुळा येथे ‘ध्याना’ला गेलो होतो, असे तो सांगतो. केरळातील ख्रिस्ती बोलीत ध्यान म्हणजे आपले रिट्रीट. हिंदीत त्या जागी स्वामींचा सत्संग आला. कथेच्या यंत्रणेत त्यामुळे काही बिघडत नाही. दोन्हींकडे धार्मिक मेळावा हीच सबब, आणि देवाधर्माला गेलेल्या माणसावर सहसा कोणी शंका घेत नाही, हा हिशेब दोन्हींकडे सारखाच. पण मल्याळी प्रेक्षकाला, विशेषतः ख्रिस्ती प्रेक्षकाला, मूळ योजनेत एक काटा अधिक टोचतो. रिट्रीट ही पापनिवेदनाची, अंतःकरण उघडे करण्याची जागा. तिचाच उपयोग येथे अंतःकरण कायमचे बंद करण्यासाठी होतो. जॉर्जकुट्टी देवाला नाकारत नाही. तो देवाच्या दाराचा उपयोग करून घेतो, आणि हे अधिक अस्वस्थ करणारे आहे. हिंदी रूपांतरात ही छटा पुसट झाली.

त्याबदल्यात हिंदी चित्रपटाने काही कमावलेही. निशिकांत कामत यांना रूपांतराची कला अनोळखी नव्हती. २००५ च्या त्यांच्या ‘डोंबिवली फास्ट’चे तमिळ रूप त्यांनी स्वतःच २००७ साली घडवले होते. त्या चित्रपटातला माधव आपटे हाही विजयसारखाच साधा माणूस. व्यवस्थेच्या बेपर्वाईने तो पेटून उठतो, उघडपणे लढतो आणि प्राणाला मुकतो. दहा वर्षांनंतर त्याच दिग्दर्शकाचा सामान्य माणूस पेटून उठत नाही. तो गप्प राहतो, हिशेब मांडतो आणि जिंकतो. २०११ च्या ‘सिंघम’मध्ये ज्या अजय देवगण यांनी याच गोव्यात बाणेदार पोलीस अधिकारी उभा केला, त्यांनाच चार वर्षांनी प्रेक्षकांनी पोलिसांना चकवताना पाहिले आणि दोन्ही वेळा तितक्याच उत्साहाने त्यांची बाजू घेतली. यात विसंगती वाटेल, पण ती नाही. कायद्याकडून न्याय मिळेल हा विश्वास डळमळला की माणूस कधी कायद्याहून मोठ्या पोलिसाची वाट पाहतो, तर कधी पोलिसाहून हुशार बापाची.

म्हणूनच पहिला आणि सर्वांत लोकप्रिय अन्वयार्थ असा, की ही दुबळ्याने सबळावर मिळवलेल्या विजयाची कथा आहे. उपनिरीक्षक गायतोंडे चिमुरड्या अनूवर हात उगारतो, आणि पुढे संतप्त गावकरी त्याला चोप देतात, तेव्हा प्रेक्षागृहात शिट्ट्या वाजतात. त्या शिट्ट्यांमागे खरीखुरी वेदना आहे. ती तुच्छ लेखू नये. अब्रूवर घाला घालणाऱ्यापासून स्वतःचा बचाव करण्याचा हक्क भारतीय दंड संहितेने मान्य केला होता आणि २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनेही तो कायम ठेवला आहे. बलात्काराच्या हेतूने हल्ला झाल्यास तो हक्क हल्लेखोराच्या मृत्यूपर्यंत पोहोचू शकतो. म्हणजे त्या मायलेकींना न्यायालयात बाजू मांडता आली असती. तरीही विजय पोलीस ठाण्याची पायरी चढत नाही आणि एकाही प्रेक्षकाला त्यात नवल वाटत नाही! आपल्या समाजावरील ही टीका चित्रपटाने कोणाच्याही तोंडी घातलेली नाही. आपल्या नवल न वाटण्यातच ती आहे.

तरीसुद्धा हा अन्वयार्थ एका व्यक्तीपाशी येऊन अडखळतो. ती व्यक्ती म्हणजे मृत मुलाची आई. मल्याळममध्ये आशा शरत आणि हिंदीत तब्बू यांनी ही भूमिका केली. मीरा देशमुख निष्ठुर आहे, अधिकाराचा गैरवापर करते, निरपराध बालिकेला भरडू देते. हे सारे खरे. पण तिचा मुलगा घरी आलेला नाही, हेही तितकेच खरे. तो अपराधी होता, म्हणून तिचे मातृत्व रद्द होत नाही. तब्बूच्या चेहऱ्यावर अधिकारी आणि आई यांची जी झुंज दिसते, ती पाहताना काही प्रेक्षक तरी खुर्चीत चुळबुळले असतील. मृताला मूठमाती देणे हे ख्रिस्ती परंपरेने दयाकृत्यांमध्ये गणले आहे. मृत कसा वागला याची चौकशी ती परंपरा आधी करीत नाही. येथे एका मुलाचे प्रेत प्रार्थनेवाचून बांधकामाच्या फरशीखाली जाते आणि आपण सुटकेचा निःश्वास टाकतो. त्यातही ती फरशी पोलीस ठाण्याची आहे, या कल्पकतेला आपण दाद देतो. दाद योग्यच आहे. पण त्या क्षणी आईचा चेहरा आपल्या मनातून निघून गेलेला असतो, याचीही नोंद घ्यायला हवी.

दुसरा अडसर धाकट्या मुलीचा. चौकशीत काय विचारतील आणि काय उत्तर द्यायचे, याची उजळणी विजय घरात घेतो. प्रश्न, उत्तर, पुन्हा प्रश्न. आपल्या घरांत पूर्वी धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरे अशीच पाठ करून घेतली जात. बापाच्या मायेने, शांत आवाजात, मुलीला असत्याची संथा दिली जाते. अखेर मार सहन न होऊन ती मूल सत्य बोलते, तेव्हा तिने घात केला असे आपल्याला वाटते! सत्य बोलणाऱ्या बालकाविषयी प्रेक्षकाला चीड वाटावी, इथपर्यंत दिग्दर्शकाने आपल्याला आणून सोडलेले असते. मुलांसमवेत हा चित्रपट पाहणाऱ्या पालकांनी या क्षणाविषयी घरात दोन शब्द बोलावेत. चित्रपट टाळण्यापेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

या संदर्भात संत ऑगस्टीन यांनी असत्याविषयीच्या आपल्या ग्रंथात दिलेला एक दाखला आठवतो. तागास्ते येथील फर्मस नावाच्या बिशपांनी आश्रयाला आलेल्या एका माणसाला लपवले होते. सम्राटाचे अधिकारी शोध घेत आले, तेव्हा आपण खोटे बोलणार नाही आणि त्या माणसाला धरूनही देणार नाही, असे बिशपांनी सांगितले. छळ सोसला, पण दोन्ही शब्द पाळले. अखेर सम्राटाने त्या माणसाला क्षमा केली. ऑगस्टीन यांनाही ठाऊक होते की ही वाट सर्वांना पेलणारी नाही. विजय साळगावकरकडून तिची अपेक्षा धरावी असे कोणी म्हणणार नाही. पण फर्मस यांच्या गोष्टीत किंमत आश्रय देणारा स्वतः मोजतो, तर ‘दृश्यम’मध्ये ती पत्नी, मुली, साक्षीदार आणि एक परकी आई यांच्यात वाटली जाते. हा भेद महत्त्वाचा आहे.

विविध रूपांतरांचे शेवट पाहिले, तर ही किंमत प्रत्येक दिग्दर्शकाला जाणवत होती असे दिसते. तमिळ रूपांतराचे नावच ‘पापनाशम’. ते तिरुनेलवेलीजवळच्या गावाचे नाव खरे, पण त्याचा अर्थ लपत नाही. त्यातला कमल हासन यांचा नायक मृताच्या आईबापांसमोर अधिक ओथंबून बोलतो. मोहनलाल यांचा संयम श्रेष्ठ की कमल यांचे अश्रू, यावर दक्षिणेत पुष्कळ वाद रंगला. चिनी रूपांतरात तर नायक अखेरीस स्वतःला कायद्याच्या स्वाधीन करतो. पुष्कळांनी याचे श्रेय तेथील सेन्सॉरला दिले. ते खरे असेलही. पण त्या चित्रपटाचे इंग्रजी शीर्षक ‘मेंढपाळाविना मेंढरे’ अशा अर्थाचे आहे, आणि शुभवर्तमान वाचणाऱ्यांना ते कोठून आले हे सांगायला नको. हिंदीत आणि मल्याळममध्ये नायक आईबापांना भेटतो, नाव न घेता, आडवळणाने जे घडले ते सांगतो आणि क्षमा मागतो. हे पापनिवेदनच आहे. फक्त त्यात प्रायश्चित्त नाही.

ते प्रायश्चित्त पुढील भागाने आणले. २०२१ च्या मल्याळम ‘दृश्यम २’मध्ये थोरली मुलगी भयाने आजारी आहे, घरातली झोप उडाली आहे, आणि पूर्वी पाठीशी उभे राहिलेले गावकरी आता कुजबुजू लागले आहेत. अखेर मुलाच्या अस्थी आईबापांच्या हाती पोहोचवण्याची व्यवस्था जॉर्जकुट्टीच करतो. कायद्याला तो पुन्हा चकवतो. पण मृताचे ऋण त्याला चुकवता येत नाही. पहिल्या भागात टाळ्या वाजवणाऱ्या प्रेक्षकाला लेखकाने दिलेले हे उत्तर आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

‘दृश्यम’ आणि त्याची रूपांतरे हे करमणुकीचे उत्तम चित्रपट आहेत. पात्रांची निवड, प्रसंगांची बांधणी, रहस्याची राखण, या सर्वांत त्यांचा हात धरणारे थोडे. गुन्ह्याचे धडे देणारे चित्रपट म्हणून त्यांच्यावर ठपका ठेवणाऱ्यांनी त्यांतली वेदना पाहिलेली नाही. आणि बापाच्या मायेची गाथा म्हणून त्यांना डोक्यावर घेणाऱ्यांनी त्यांतली आई पाहिलेली नाही. दोघांनीही पुन्हा एकदा पाहावेत. या वेळी पणजीच्या सत्संगापेक्षा त्या फरशीकडे, आणि तिच्यापलीकडे ज्या घरात मुलाची वाट पाहिली जात आहे त्या घराकडे, अधिक लक्ष असावे.