न दिसणाऱ्याचा उत्सव

इथिओपियातील ‘तिम्कत’ या सणाची जी वर्णने आणि छायाचित्रे आपल्यापर्यंत पोहोचतात, त्यांत रंगांची लयलूट असते. शुभ्र वस्त्रे, जरीच्या छत्र्या, ढोल, पाण्यात उड्या घेणारे तरुण. हे सारे खरे आहे. परंतु सणाचा गाभा त्यात सापडत नाही, असे आमचे मत आहे.

तिम्कत म्हणजे बाप्तिस्मा. येशूने यार्देन नदीत घेतलेल्या बाप्तिस्म्याचे हे स्मरण इथिओपियाचे ऑर्थोडॉक्स चर्च १९ जानेवारीस, क्वचित २० जानेवारीस करते. आदल्या दिवशी चर्चमधून ‘ताबोत’ बाहेर निघतो. ताबोत म्हणजे मोशेला मिळालेल्या दशाज्ञांच्या पाट्यांचे प्रतीक असलेली लाकडाची वा दगडाची पाटी. आपल्या परिचयाचा ‘ताबूत’ हा शब्द याच कुळातला. भरजरी वस्त्रांत गुंडाळलेला ताबोत धर्मगुरू डोक्यावर घेतात. तो रात्रभर पाण्याकाठच्या तंबूत राहतो. पहाटे उपासना होते, पाण्याला आशीर्वाद देऊन ते जमलेल्यांवर शिंपडले जाते आणि मग ताबोत वाजतगाजत परततो.

उत्सवमूर्तीच्या दर्शनाला सरावलेले आपले मन येथे अडखळते. ज्याच्यासाठी एवढा जनसमुदाय रात्र जागवतो, ते धर्मगुरूंखेरीज कोणी पाहू शकत नाही. म्हणजे छत्री, जर आणि ढोल ही या सणाची शोभा नव्हे, ती त्याची आवरणे आहेत. त्यांचेच वर्णन करून थांबणारा लेखक वेष्टनालाच ग्रंथ समजतो.

या संकोचाचे सामर्थ्य केवढे आहे, हे एका उदाहरणावरून कळते. १८६८ साली रॉबर्ट नेपियरच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या सैन्याने मग्दला जिंकले, तेव्हा लुटीत ताबोतही गेले. त्यांतले ११ आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. पण ते कधीच मांडले जात नाहीत. जी संस्था दाखवण्यासाठीच उभी आहे, तिलाही येथे पडदा पाळावा लागतो. मग दाखवायचे नसलेले ठेवून तरी काय घ्यायचे, हा प्रश्न उरतोच. एडिंबरोच्या एका चर्चने आपल्याजवळचा ताबोत २००२ मध्ये परत केला, तेव्हा अदिस अबाबात त्याच्या स्वागताला मोठा समुदाय लोटला.

डिसेंबर २०१९ मध्ये युनेस्कोने तिम्कतला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. हा गौरव योग्यच आहे. त्यानंतरच्या पहिल्याच तिम्कतला, २० जानेवारी २०२० रोजी, गोंदार येथील फासिलिदेसच्या जलाशयाकाठी उभारलेला प्रेक्षकांचा लाकडी मंच कोसळला आणि किमान दहा माणसे दगावली. या दोन घटनांत आम्ही कार्यकारण जोडत नाही. मात्र सणाला प्रेक्षकांची गॅलरी लाभली की त्याचे स्वरूप पालटू लागते, एवढे नक्की. शिंपडलेले पाणी अंगावर घेणारा या सणाचा भाग असतो. मंचावरून तो टिपणारा त्याच्या बाहेरच राहतो.

तेव्हा तिम्कतविषयी लिहिणाऱ्याने काय पाहिले, याहून त्याला काय पाहता आले नाही याची नोंद आम्हाला अधिक मोलाची वाटते. तेवढी एक ओळ ज्या वर्णनात नसेल, ते कितीही रंगीत असले तरी अपुरेच म्हणावे लागेल.