लेव्होनॅडिफ्लॉक्सासिन: एका हायड्रॉक्सिलची करामत

काही रेणू कागदावर काढून पाहण्यासारखे असतात. लेव्होनॅडिफ्लॉक्सासिन त्यांतला. वोक्हार्टच्या औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) संशोधन केंद्रात घडलेल्या या प्रतिजैविकाला जानेवारी २०२० मध्ये औषध महानियंत्रकांनी मंजुरी दिली. घराणे सिप्रोफ्लॉक्सासिनचे, बंदिश मात्र निराळी.

आधी गाभा पाहावा. एकमेकांना चिकटलेली तीन वलये आणि त्यांतल्या दोहोंच्या सांध्यावर नायट्रोजन. सिप्रोफ्लॉक्सासिनमध्ये या नायट्रोजनला तीन कार्बनांचे इवले वलय बाहेरून टांगलेले असते. इथे तीन कार्बनांची साखळी शेजारच्या बेंझीन वलयाला भिडते आणि तिसरे वलय बंद होते. त्यावर एकच मिथिल गट. तो कोणत्या बाजूला झुकतो यावरून रेणूची परस्परांची प्रतिबिंबे असलेली दोन रूपे होतात. जपानमध्ये १९९३ पासून मुरुमांच्या मलमात ती दोन्ही एकत्र वापरली गेली. वोक्हार्टच्या रसायनज्ञांनी त्यांतले अधिक प्रभावी रूप निवडले, आर्जिनिनशी त्याचा क्षार करून ते पाण्यात विरघळवले आणि मलमातला रेणू सलाइनमधून शिरेत नेला.

खरी जागा पुढे आहे. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या बाजूच्या वलयात दुसरा नायट्रोजन असतो. आम्ल परिसरात तो प्रोटॉन घेऊन भारित होतो, मग जीवाणूच्या पटलातून आत शिरणे अवघड. लेव्होनॅडिफ्लॉक्सासिनमध्ये त्या जागी कार्बन आहे आणि त्यावर हायड्रॉक्सिल. पू आम्लधर्मी असतो. तिथे सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या जुन्या क्विनोलोनांचा जोर ओसरतो, याचा वाढतो. त्याच हायड्रॉक्सिलला अॅलॅनिन जोडले की तोंडाने घेण्याची गोळी होते. शरीरातली विकरे ती जोड तोडतात आणि मूळ रेणू मोकळा होतो. एक गट, दोन कामे.

अशा रचनेची परीक्षाही तोलामोलाची हवी. औषधी रसायनशास्त्राच्या अनेक प्रबंधांत नवी थायाझोल, पायराझोल वलये बनवून आगारच्या ताटलीतल्या वाढ-मुक्त वर्तुळाचा व्यास मोजला जातो आणि तिथेच थांबले जाते. पण तो व्यास रेणू आगारमधून किती पसरतो यावरही ठरतो. दोन नव्या संयुगांची तुलना करायची तर निम्म्यानिम्म्याने पातळ केलेल्या द्रावणांत जीवाणूची वाढ दिसेनाशी करणारी किमान मात्रा शोधावी लागते. या कसोटीवर मेथिसिलिनला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस या रेणूपुढे नमतो. क्विनोलोनांना आधीच सरावलेला ई. कोलाय मात्र त्यालाही दाद देत नाही.