छायाचित्रातील आकारमान : मोजपट्टी, नाणे आणि माणूस

इतिहासाच्या क्रमिक पुस्तकात सिंधू संस्कृतीचे प्रकरण उघडले की मोहेंजोदडो येथे १९२६ मध्ये सापडलेली ब्राँझची ‘नर्तकी’ हमखास भेटते. उजवा हात कमरेवर, हनुवटी किंचित वर, डावा हात बांगड्यांनी भरलेला. बहुतेक पुस्तकांत हे छायाचित्र पानाची निम्मी उंची व्यापते, मागची भूमी कोरी असते आणि खाली ‘नर्तकी, मोहेंजोदडो’ एवढीच ओळ असते. ही मूर्ती केवढी असावी, असे वर्गात विचारून पाहावे. हातभर, कमरेइतकी, क्वचित माणसाएवढी अशी उत्तरे येतात. मूर्तीची प्रत्यक्ष उंची १०.५ सेंटीमीटर आहे. पावले तुटलेली ही मूर्ती हाताच्या पंजावर सहज मावेल आणि आजच्या मोबाइल संचापेक्षा बुटकी भरेल. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात ती प्रथमच पाहणारा प्रेक्षक काचेसमोर क्षणभर गोंधळतो, तो याचमुळे. त्याने वर्षानुवर्षे पाहिलेले छायाचित्र खोटे नव्हते. फक्त त्यात माप नव्हते.

छायाचित्रातील आकारमानाचा प्रश्न आपल्याकडे छायाचित्रणाच्या तंत्राचा एक किरकोळ भाग म्हणून हाताळला जातो. प्रस्तुत लेखकास तो तसा वाटत नाही. छायाचित्रात वस्तूचे रूप येते, पोत येतो, प्रकाश येतो. आकारमान मात्र येत नाही. ते बाहेरून आणून ठेवावे लागते. आणि जे आणून ठेवले जाते, मग ती लाकडी पट्टी असो, नाणे असो की माणूस असो, त्याच्यासंबंधी छायाचित्रकाराने काही निर्णय घेतलेला असतो. त्या निर्णयाची चिकित्सा हा या लेखाचा विषय आहे.

प्रथम भिंगाविषयी थोडेसे. पडद्यावर उमटणाऱ्या प्रतिमेचा आकार वस्तूच्या खऱ्या आकारावर आणि तिच्या अंतरावर, म्हणजे या दोहोंच्या गुणोत्तरावर अवलंबून असतो. दोन मीटर उंचीची वस्तू चार मीटरवरून आणि वीस मीटर उंचीची वस्तू चाळीस मीटरवरून टिपली, तर दोन्ही प्रतिमा सारख्याच उंचीच्या होतील. प्रत्यक्ष पाहताना दोन डोळे, मानेची हालचाल आणि पायांनी तोडलेले अंतर आपल्याला फरक सांगतात. एकाक्ष कॅमेऱ्याकडे यांपैकी काहीच नसते. म्हणून पट्टी ठेवायची ती वस्तूच्याच प्रतलात. पट्टी वस्तूच्या पुढे सरकली की ती मोठी दिसते आणि वस्तू आपोआप लहान ठरते. गळाला लागलेला मासा हात लांबवून कॅमेऱ्यापुढे धरणारे हौशी मच्छीमार याच नियमाचा उलटा फायदा घेतात.

वनस्पतिशास्त्र आणि भूशास्त्र विभागांच्या क्षेत्रभेटींच्या अहवालांत पट्टीऐवजी एक रुपयाचे नाणे ठेवण्याची प्रथा आहे. सोयीची म्हणून ती ठीक. पण ‘एक रुपया’ हे माप नव्हे. १९९२ पासून चलनात आलेल्या पोलादी रुपयाचा व्यास २५ मिलिमीटर होता, २०११ च्या मालिकेत तो सुमारे २२ झाला आणि २०१९ च्या मालिकेत २० वर आला. म्हणजे नाण्याचे वर्ष न सांगता ‘प्रमाणासाठी नाणे’ असे लिहिणाऱ्या अहवालात पानाची किंवा जीवाश्माची लांबी पाचव्या हिश्शाने चुकू शकते. पन्नास वर्षांनी तो अहवाल चाळणाऱ्या अभ्यासकाला ते नाणे ओळखता येईलच, याचीही हमी नाही. ओळखीच्या वस्तूने माप सांगताना ती ओळख किती काळ टिकेल, हा विचार सहसा कोणी करीत नाही.

आकारमान गहाळ झाल्याने ज्ञानाचे नुकसान कसे होते, याचे ठळक उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील दायमाबाद येथे १९७४ मध्ये ब्राँझच्या चार शिल्पांचा साठा हाती आला. त्यांतील बैल जुंपलेला रथ सुमारे ४५ सेंटीमीटर लांब आहे आणि रथात उभा असलेला सारथी १६ सेंटीमीटर उंच. आता दायमाबादचा रथ आणि मोहेंजोदडोची नर्तकी एकाच पानावर शेजारी शेजारी छापलेली पाहावी, आणि सर्वेक्षणवजा पुस्तकांत ती तशी छापली जातात. नर्तकीला उभी चौकट मिळते, रथाला आडवी. साहजिकच सारथी नखाएवढा दिसतो आणि नर्तकी त्याच्या कैकपट मोठी. वस्तुस्थिती अशी की नुसता सारथीच नर्तकीहून दीडपट उंच आहे. चारही दायमाबाद शिल्पांचे मिळून वजन साठ किलोंहून अधिक भरते. एवढा धातू ओतणे म्हणजे काय उद्योग असेल, त्यासाठी किती इंधन आणि किती हात लागले असतील, हा प्रश्न विद्यार्थ्याच्या मनात यावा कसा? पानाने त्याला रथ खेळण्याएवढा दाखवला आहे. चौकट भरण्याची मुद्रकाची सवय येथे नकळत इतिहासाचा अर्थ लावून जाते.

ही सवय पुढे कोठवर पोहोचते, तेही पाहण्यासारखे आहे. २०२३ च्या मे महिन्यात दिल्लीत भरलेल्या आंतरराष्ट्रीय संग्रहालय प्रदर्शनाचे शुभचिन्ह म्हणून याच नर्तकीची माणसाच्या उंचीची, वस्त्रे नेसवलेली प्रतिकृती मांडण्यात आली. चर्चा झाली ती मुख्यतः वस्त्रांची आणि वर्णाची. उंचीबद्दल फारसे कोणी बोलले नाही. छायाचित्रांनी ती आपल्या मनात आधीच माणसाएवढी करून ठेवली होती, असे यावरून म्हणावेसे वाटते.

याचा अर्थ प्रत्येक छायाचित्रात पट्टी हवीच, असा नव्हे. अमेरिकन छायाचित्रकार एडवर्ड वेस्टन याने १९३० मध्ये पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून टिपलेली ढोबळी मिरची प्रसिद्ध आहे. ‘पेपर क्रमांक ३०’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या छायाचित्रात मिरची पाठमोऱ्या, वळलेल्या मानवी देहासारखी दिसते. शेजारी नाणे ठेवले असते तर मंडईतली मिरची उरली असती. तेथे मापाचा अभाव हीच कलाकृती आहे आणि पाहणाऱ्याची त्यात फसवणूक नाही, कारण कोणतीही माहिती देण्याचे वचन वेस्टनने दिलेले नाही. क्रमिक पुस्तक, संशोधनपत्रिका आणि संग्रहालयाची सूची यांनी मात्र ते वचन दिलेले असते.

आता पट्टीकडून माणसाकडे वळू. कारण छायाचित्रणाच्या पहिल्या दशकांपासून सर्वांत सोयीचे माप माणूसच ठरला. फ्रेंच लेखक मॅक्सिम द्यू काँ हा १८४९ ते १८५१ या काळात कादंबरीकार गुस्ताव फ्लोबेर याच्यासह इजिप्त आणि पूर्वेकडील देशांत हिंडला. १८५२ मध्ये त्याने १२५ छायाचित्रांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील अबू सिंबेल येथील रामेसिसच्या प्रचंड पुतळ्याचे छायाचित्र आजही अनेक इतिहासग्रंथांत पुन्हा छापले जाते. वाळूत बुडालेला दगडी देह, शांत मुख, आणि त्याच्या मुकुटावर बसलेला एक माणूस. तो इतका लहान आहे की पहिल्या नजरेत दगडाचा उंचवटाच वाटतो. तो माणूस आहे हे कळते त्या क्षणी सबंध पुतळा डोळ्यांदेखत वाढतो. छायाचित्राचा सारा परिणाम या एका क्षणावर उभा आहे आणि तो साधणारा द्यू काँ कुशल होता, यात शंका नाही.

मुकुटावरचा तो माणूस म्हणजे त्यांच्या नावेवरील न्यूबियन खलाशी हाजी इस्माईल. द्यू काँने आपल्या प्रवासवर्णनात त्याच्याविषयी लिहिले आहे. जेथे जेथे वास्तू टिपायची तेथे तो याला चढवीत असे, म्हणजे प्रत्येक चित्रात एकच माप राही. त्या काळच्या कागदी निगेटिव्हला प्रकाश बराच वेळ द्यावा लागे आणि तेवढा वेळ मापाने हलता कामा नये. त्यासाठी द्यू काँने एक युक्ती केली. कॅमेऱ्यातून पुढे आलेली भिंगाची पितळी नळी ही तोफ आहे आणि हललास तर ती तुझ्यावर गोळ्यांचा वर्षाव करील, असे त्याने इस्माईलला सांगितले. ही हकीकत तो विनोद म्हणून सांगतो. आजवरच्या कित्येक लेखकांनीही ती गंमत म्हणूनच उद्धृत केली आहे.

प्रस्तुत लेखकास ती गमतीची वाटत नाही. एकदा ही हकीकत कळल्यावर ते छायाचित्र पूर्वीसारखे पाहता येत नाही. त्या स्थिरतेत आता रामेसिसच्या दगडाची आणि इस्माईलच्या धास्तीची अशी दोन प्रकारची स्थिरता दिसू लागते. माप म्हणून वापरायच्या वस्तूकडून आपण दोन गुण अपेक्षितो, अचलता आणि एकसारखेपणा. हेच दोन गुण माणसाकडून मागितले, तर त्याला काही काळ माणूसपण बाजूला ठेवावे लागते. इस्माईल या बाबतीत भाग्यवानच म्हणायचा, कारण त्याचे नाव तरी उरले. आपल्याकडील लेणी, किल्ले आणि मंदिरे यांच्या एकोणिसाव्या शतकातील छायाचित्रांत पायरीवर बसलेली, खांबाला टेकलेली माणसे जागोजागी दिसतात. चित्राखालच्या ओळीत लेण्याचा क्रमांक असतो, स्थळ असते, पुष्कळदा छायाचित्रकाराचे नावही असते. बसलेल्याचे नसते.

माणूस हे माप झाले की माणसालाच मापायला फार वेळ लागत नाही. १८६९ मध्ये लंडनमध्ये जॉन लॅम्प्रे याने लाकडी चौकटीत रेशमी दोरे ताणून दोन-दोन इंचांचे चौकोन पाडले आणि त्यापुढे नग्न माणसे उभी करून छायाचित्रे घेण्याची पद्धत सुचवली. हेतू हा की वेगवेगळ्या ‘वंशां’ची शरीरे परस्परांशी ताडून पाहता यावीत. १८९० च्या दशकात अंदमान बेटांवर इंग्रज अधिकारी मॉरिस पोर्टमन याने तेथील आदिवासींची छायाचित्रे ब्रिटिश म्युझियमसाठी काढली; त्यांतही मागे काळ्यापांढऱ्या चौकटींचा पडदा आहे. तांत्रिक दृष्टीने पाहता ही छायाचित्रे निर्दोष आहेत. प्रत्येक इंच वाचता येतो. ज्या शास्त्रासाठी हे इंच गोळा केले ते वंशशास्त्र पुढे निराधार ठरले आणि चौकटीपुढे ताठ उभे राहिलेले चेहरे तेवढे उरले. तेव्हा माप अचूक असले म्हणजे छायाचित्र प्रामाणिक झाले, असे मानता येत नाही.

विसाव्या शतकातील उत्खननांनी या दोन्ही परंपरा एकत्र केल्या. खड्ड्याची भिंत तासून साफ केलेली, थर स्पष्ट दिसणारे, काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा दंड उभा, आणि शेजारी डोक्याला मुंडासे बांधलेला मजूर. १९४४ ते १९४८ या काळात पुरातत्त्व खात्याचे महासंचालक असलेले मॉर्टिमर व्हीलर यांनी छायाचित्रणातील ही शिस्त आपल्याकडे रुजवली आणि तिने भारतीय पुरातत्त्वाचे भले केले, हे मान्यच करावयास हवे. दंडामुळे थरांची जाडी आजही मोजता येते. प्रश्न मजुराचा आहे. दंड असताना तो तेथे कशासाठी? खड्ड्याची खोली अंगावर यावी म्हणून; म्हणजे मापासाठी नव्हे, परिणामासाठी. खड्डा खणणारा बहुधा तोच असतो, मातीचा बदललेला रंग फावड्याखाली प्रथम जाणवतो तोही त्यालाच. चित्राखालच्या ओळीत मात्र दंडाची लांबी दिलेली असते आणि त्याच्याविषयी एक अक्षर नसते. उत्खनन अहवालांचे संपादक याला जागेची अडचण म्हणतील. चार शब्दांची ती अडचण आहे.

हा सारा विचार आज पुन्हा निकडीचा झाला आहे तो कोकणातील कातळशिल्पांमुळे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या जांभ्या सड्यांवरील व गोव्यातील फणसायमळ येथील कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारशाच्या यादीत आली. राजापूर तालुक्यातील कशेळी येथील हत्तीची आकृती सुमारे १८ मीटर लांब आहे आणि तिच्या पोटात इतर प्राण्यांच्या अनेक आकृत्या कोरलेल्या आहेत. जमिनीवर उभे राहून ती एका नजरेत मावत नाही, म्हणून ड्रोनचा आधार घ्यावा लागतो. ड्रोनमधून मात्र नर्तकीच्या उलट घडते. सपाट तांबूस सडा, त्यावर बारीक रेषा, क्षितिज नाही, झाड नाही. अठरा मीटरचा हत्ती पाटीवर गिरवलेल्या चित्राएवढा होतो.

येथे आकार हा हद्दीचाही प्रश्न आहे. याच यादीतील बारसूच्या सड्यावर नियोजित तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती परीक्षण सुरू झाले, तेव्हा २०२३ मध्ये मोठे आंदोलन झाले. प्रकल्प असावा की नसावा, हा या लेखाचा विषय नाही. पण एखाद्या शिल्पाभोवती किती जागा राखायची, हे ठरविणाऱ्याच्या टेबलावर जे छायाचित्र जाते, त्यात शिल्प टीचभर दिसत असेल तर सडा रिकामाच वाटणार. म्हणून अशा छायाचित्रात रेषांलगत मोजणीची पट्टी हवी, उत्तर दिशा हवी आणि शक्य तर शिल्पाच्या कडेला उभा असलेला एक माणूसही हवा, कारण अठरा मीटर हा आकडा वाचून जे कळत नाही ते माणूस पाहून कळते. यांतील कित्येक सडे स्थानिक गुराख्यांना आणि शेतकऱ्यांना पूर्वीपासून ठाऊक होते. संशोधकांना तेथवर वाट दाखवणारेही अनेकदा तेच. पट्टीशेजारी त्यांच्यापैकी कोणी उभा राहिला असेल तर त्याच्या संमतीने त्याचे नाव, गाव आणि त्याची उंची सेंटीमीटरमध्ये, अशी एक ओळ चित्राखाली छापावी.