तीव्रता आणि अग्रक्रम : भेदन-परीक्षेतील गुणांकनाची चिकित्सा

१

एखाद्या संस्थेच्या संगणक-व्यवस्थेत शिरकाव करता येतो की नाही, हे त्या संस्थेच्याच अनुमतीने प्रत्यक्ष प्रयत्न करून पाहण्याच्या पद्धतीस पेनिट्रेशन टेस्टिंग किंवा भेदन-परीक्षा म्हणतात. परीक्षकाच्या हाती आरंभी येते ती बहुधा एक लांबलचक यादी. स्वयंचलित साधनांनी हुडकून काढलेल्या शेकडो त्रुटी तीत नोंदलेल्या असतात. त्यांपैकी प्रत्येकीसाठी एक्स्प्लॉइट, म्हणजे त्या त्रुटीचा लाभ घेऊन शिरकाव सिद्ध करून दाखविणारी आज्ञावली, रचणे कोणालाही शक्य नसते. मुदत थोडी असते आणि माणसे मोजकी असतात. यास्तव कोणत्या त्रुटीवर श्रम वेचावयाचे आणि कोणती बाजूस ठेवावयाची, हा निवडीचा प्रश्न परीक्षेच्या पहिल्याच दिवशी उभा राहतो.

या प्रश्नाचे प्रचलित उत्तर सोपे आहे : जिचा गुणांक मोठा, तिला अग्रस्थान द्यावे. हे उत्तर अपुरे का पडते आणि त्याच्या जागी कोणते निकष योजता येतील, याचा विचार येथे करावयाचा आहे. प्रश्न वरवर तंत्रज्ञांचा भासतो. परंतु सुटे पद आणि वाक्य यांत भाषाशास्त्र जो भेद करते, त्याच भेदाचे विस्मरण या उत्तराच्या मुळाशी आहे. म्हणून अर्थविचाराच्या अभ्यासकालाही त्यात लक्ष घालण्याचा अधिकार आहे.

२

गुणांकनाची जी पद्धती आज सर्वत्र रूढ आहे ती सीव्हीएसएस या आद्याक्षरी नावाने ओळखली जाते. तिची पहिली आवृत्ती २००५ साली निघाली. पुढे २००७, २०१५, २०१९ आणि २०२३ या वर्षी सुधारित आवृत्त्या प्रसिद्ध झाल्या. त्रुटीपर्यंत जाळ्यातून पोचता येते की यंत्रासमोर बसावे लागते, हल्ल्यात गुंतागुंत किती, पूर्वाधिकार लागतात काय, गोपनीयता, अखंडत्व व उपलब्धता यांची हानी किती, अशा प्रश्नांची उत्तरे ठरावीक शब्दांत द्यावयाची असतात. मग एका सूत्राने त्या शब्दांची ० ते १० यांमधील एक संख्या होते.

या पद्धतीचे श्रेय नाकारता येणार नाही. तिच्यापूर्वी प्रत्येक उत्पादक आपापली विशेषणे वापरीत असे, आणि एकाच्या ‘गंभीर’चा दुसऱ्याच्या ‘गंभीर’शी मेळ बसत नसे. या पद्धतीने एक समान परिभाषा दिली. तथापि शब्दाची संख्या झाली म्हणून शब्दातील संदिग्धता नाहीशी होत नाही. ती दृष्टीआड मात्र होते.

एप्रिल २०१४ मध्ये उघडकीस आलेल्या हार्टब्लीड या त्रुटीचे उदाहरण पाहावे. ओपनएसएसएल या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या ग्रंथालयातील ही त्रुटी सर्व्हरच्या स्मृतीतील मजकूर बाहेर काढून देत असे. त्यात परवलीचे शब्द असत, प्रसंगी सर्व्हरची खाजगी किल्लीही असे. त्या काळी चालू असलेल्या दुसऱ्या आवृत्तीनुसार तिला गुणांक मिळाला ५.०, म्हणजे ‘मध्यम’. कारण गोपनीयतेची हानी ‘अंशतः’ अशी नोंदली गेली होती. स्मृतीचा एक तुकडाच बाहेर येतो, या अर्थी तो शब्द चुकीचा नव्हता. परंतु घरातील एक वस्तू गेली आणि ती वस्तू तिजोरीची किल्ली होती, या दोन विधानांतील अंतर त्या एका शब्दाने पुसले गेले. पुढील आवृत्तीने हीच त्रुटी ७.५ वर नेली. त्रुटी तीच होती. बदलले ते तिला मोजणारे शब्द.

दुसरे उदाहरण इटर्नलब्लू या नावाने प्रसिद्ध झालेल्या एक्स्प्लॉइटचे आहे. विंडोज प्रणालीतील ज्या त्रुटीवर ते आधारलेले होते, तिच्यावरील पॅच मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी प्रसृत केला आणि तिला आपल्या कोष्टकातील सर्वोच्च श्रेणी दिली. अमेरिकेच्या राष्ट्रीय त्रुटिकोशाने मात्र तिसऱ्या आवृत्तीनुसार तिला प्रारंभी ८.१ हा गुणांक दिला, म्हणजे सर्वोच्च श्रेणीच्या खालचा. हल्ल्याची गुंतागुंत ‘अधिक’ मानली गेल्याचा हा परिणाम होता. महिन्याभरातच, एप्रिलमध्ये, तयार एक्स्प्लॉइट सर्वांच्या हाती पडले. पहिल्या रचनाकाराला जे श्रम पडले ते नंतरच्या कोणालाही पडले नाहीत. काळानुसार पालटणाऱ्या अशा गोष्टींसाठी सीव्हीएसएसमध्ये निराळे घटक आहेत. परंतु कोशात छापला जातो तो मूळ गुणांकच, आणि वाचणारा तेवढाच वाचतो.

स्वतः पद्धतिकारांनीही २०१९ च्या आवृत्तीसोबतच्या मार्गदर्शिकेत हा गुणांक तीव्रता मोजतो, धोका मोजत नाही, असे स्पष्ट केले आहे. तेव्हा दोष पद्धतीचा जितका, त्याहून अधिक तिच्या वाचनाचा आहे.

३

या वाचनदोषाची किंमत महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरही मोजावी लागली. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या हा विध्वंसक प्रोग्राम जगभर पसरला आणि न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामकाज ठप्प झाले. हे टर्मिनल मर्स्क या डॅनिश उद्योगसमूहाच्या व्यवस्थापनाखाली होते. कंटेनरची नोंद ठेवणारी यंत्रणाच बंद पडल्याने मालाची वाहतूक खोळंबली. समूहाने आपली जागतिक हानी २० ते ३० कोटी डॉलर इतकी सांगितली.

पॅच प्रसृत होऊन त्या दिवशी १०५ दिवस झाले होते. एवढ्यावरून ‘पॅच वेळेवर बसविला असता तर’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. पण तो अर्धाच खरा आहे. नॉटपेट्याचा प्रवेश युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणातून झाला. आत आल्यावर त्याने इटर्नलब्लू वापरले. त्याबरोबरच यंत्राच्या स्मृतीतून परवलीचे शब्द उचलून पॅच बसविलेल्या यंत्रांतही प्रवेश मिळविला. म्हणजे विश्वासाने स्वीकारलेले अद्ययावतीकरण, एक जुनी त्रुटी आणि व्यवस्थापकाचे सर्वत्र चालणारे परवलीचे शब्द यांची साखळी होऊन हा अनर्थ घडला. या साखळीतील तीन दुव्यांपैकी दोहोंना त्रुटिकोशातील गुणांकच नव्हता. केवळ गुणांकानुसार चालणाऱ्या परीक्षकाने मधला दुवा तेवढा तपासला असता.

४

या उणिवेची जाणीव झाल्यामुळे अलीकडे इतर मापे पुढे आली आहेत. ईपीएसएस हे माप २०२१ पासून सर्वांस उपलब्ध आहे. येत्या ३० दिवसांत एखाद्या त्रुटीचा प्रत्यक्ष गैरवापर होण्याची संभाव्यता ते वर्तविते. अमेरिकेच्या सिसा या शासकीय संस्थेने नोव्हेंबर २०२१ मध्ये केईव्ही ही सूची सुरू केली. जिचा गैरवापर घडल्याचा पुरावा आहे अशीच त्रुटी तीत येते. ही दोन्ही मापे उपयुक्त आहेत. परंतु पहिले बोलते ते साऱ्या जगाविषयी, आणि दुसरे बोलते ते भूतकाळाविषयी. परीक्षकासमोरचे घर मात्र एकच असते आणि प्रश्न वर्तमानकाळाचा असतो.

एसएसव्हीसी ही पद्धती अधिक विचार करावयास लावणारी आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठातील सॉफ्टवेअर अभियांत्रिकी संस्थेने २०१९ मध्ये मांडलेल्या या पद्धतीने संख्येचा मोह टाकून निर्णयवृक्ष स्वीकारला. तिचे अंतिम उत्तर ‘थांबा’, ‘नेहमीच्या वेळी करा’, ‘वेळापत्रक मोडून करा’, ‘तत्काळ करा’ अशा क्रियापदांनी दिले जाते. विशेषणाकडून क्रियापदाकडे झालेली ही वाटचाल स्वागतार्ह होय. परंतु तिचे वृक्ष रचले गेले ते उत्पादक, वापरकर्ती संस्था आणि समन्वयक यांच्यासाठी. हे तिघेही विचारतात, ‘आधी काय दुरुस्त करावे?’ परीक्षकाचा प्रश्न निराळा असतो : ‘आधी काय सिद्ध करून दाखवावे?’ जी त्रुटी निःसंशय आहे आणि उद्याच दुरुस्त होणार आहे, तिच्यासाठी आठवडाभर खपून एक्स्प्लॉइट रचण्यात काय हशील?

५

सुट्या पदांतून वाक्यार्थ कसा निष्पन्न होतो, याविषयी भारतीय शब्दबोधाच्या परंपरेने संनिधी, योग्यता, आकांक्षा आणि तात्पर्य अशी चार कारणे सांगितली आहेत. त्रुटी हे पद आणि शिरकाव हे वाक्य मानल्यास हीच चार कारणे निवडीचे निकष म्हणून योजता येतात.

संनिधी म्हणजे सान्निध्य. परीक्षक ज्या ठिकाणी उभा आहे तेथून त्रुटीपर्यंत वाट आहे काय? ९.८ गुणांकाची त्रुटी जाळ्यापासून तोडलेल्या यंत्रात असेल, तर बाहेरील परीक्षकाच्या दृष्टीने ती न उच्चारलेल्या शब्दासारखी आहे.

योग्यता म्हणजे पदार्थांचा परस्परांशी मेळ. ‘अग्नीने शिंपतो’ हे वाक्य व्याकरणशुद्ध असूनही अर्थशून्य आहे, हे परंपरेचे उदाहरण प्रसिद्धच आहे. २०१३ साली न्यूयॉर्क राज्यातील राय येथील बोमन अ‍ॅव्हेन्यू या छोट्या धरणाच्या नियंत्रणयंत्रणेत एका परकीय हल्लेखोराने प्रवेश मिळविला. पाण्याची पातळी आणि दरवाजाची स्थिती त्याला दिसत होती. परंतु देखभालीसाठी तो दरवाजा यंत्रणेपासून तोडून ठेवलेला असल्याने त्याला तो हलविता आला नसता. प्रवेश खरा होता, परिणाम मात्र अशक्य होता. याच प्रकरणात आरंभी अधिकाऱ्यांचा ओरेगॉनमधील बोमन नावाच्याच कितीतरी मोठ्या धरणाशी घोटाळा झाला, असे वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले होते. नुसत्या नावावरून अर्थ लावल्यास काय होते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

आकांक्षा म्हणजे एका पदाला दुसऱ्याची असणारी अपेक्षा. येथे हिंगोली जिल्ह्यातील सिद्धेश्वर येथील धरणाचा दृष्टांत घेता येईल. दृष्टांत स्थापत्याचा आहे, संगणकाचा नव्हे. पूर्णा नदीवर वरच्या अंगास येलदरीचे धरण आहे. तेथून सोडलेले पाणी सिद्धेश्वरच्या जलाशयात येते आणि पुढे कालव्यांनी शेतांकडे जाते. सिद्धेश्वरच्या एखाद्या दरवाजाची साखळी गंजली असेल, तर उन्हाळ्यात ती दुरुस्तीच्या वहीतील एक साधी नोंद असते. येलदरीतून पावसाळी विसर्ग सुरू होताच तीच नोंद सर्वांत वर जाते. गंज तेवढाच असतो, पण वरच्या धरणाशी त्याचा अन्वय लागलेला असतो. नॉटपेट्याच्या साखळीतही हेच घडले. म्हणून एकेका त्रुटीला गुण देण्यापूर्वी ‘ही कोणती दुसरी त्रुटी पुरी करते?’ असे विचारले पाहिजे. ४ आणि ५ गुणांकांच्या दोन त्रुटी जोडून होणारा प्रवेश ९ गुणांकाच्या एकाकी त्रुटीहून अधिक अर्थपूर्ण ठरू शकतो.

तात्पर्य म्हणजे वक्त्याचा हेतू. भेदन-परीक्षा ज्या संस्थेने मागविली तिला काय जाणून घ्यावयाचे आहे? बँकेला खातेवही बदलता येते काय हे हवे असेल, बंदराला काम किती वेळ थांबू शकते हे हवे असेल. ज्या सिद्धतेने त्या संस्थेचा निर्णय पालटेल, तिला अग्रस्थान मिळाले पाहिजे. अनुमतीची मर्यादाही येथेच येते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याच्या कलम ४३ अन्वये मालकाच्या अनुमतीवाचून केलेला प्रवेश दायित्व ओढवून घेतो. शिवाय स्मृतीची मोडतोड करणारी एक्स्प्लॉइटे चालू यंत्र बंद पाडू शकतात. नुसती जुळणी वाचून जे सिद्ध होते, तेथे ती चालविण्याचे कारण नाही.

६

या निकषांवर एक आक्षेप संभवतो. गुणांक कोणीही काढला तरी पुष्कळसा सारखा येतो, अन्वय मात्र परीक्षकागणिक बदलेल. मग परीक्षेची तुलना कशी करावयाची? आक्षेप रास्त आहे. त्यावर उपाय असा की, प्रत्येक निवडीसोबत चारही निकषांची उत्तरे एकेका वाक्यात नोंदवावी आणि सोडून दिलेल्या त्रुटींची कारणेही लिहावी. कारण लिहिलेले असले म्हणजे त्याचे खंडन करता येते. सुट्या संख्येचे खंडन करता येत नाही.

या उपपत्तीची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. भाषेत वक्ता आणि श्रोता अर्थ लागावा म्हणून परस्परांस साहाय्य करतात. येथे दुसरा पक्ष वैरी असतो, आणि जो अन्वय परीक्षकाला सुचला नाही तोच तो लावील. यास्तव मुदतीचा काही भाग यादीच्या तळाशी असलेल्या, कोणाच्याही नजरेत न भरणाऱ्या त्रुटींसाठी राखून ठेवणे शहाणपणाचे ठरेल. न्हावा-शेव्याच्या टर्मिनलला ज्या वाटेने धक्का बसला ती हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून सुरू झाली होती, आणि कोणत्याही यादीत तिला क्रमांक नव्हता.