गुपित फोडणे आणि गुपित राखणे

गुप्तलेखनाची विद्या कथेच्या द्वारे शिकविता येते, हे एडगर ॲलन पो याने ‘द गोल्ड-बग’ (1843) या कथेत पूर्वीच दाखविले आहे. टिपणात सर्वांत अधिक वेळा आलेले चिन्ह इंग्रजीतील ‘ई’ असणार, या तर्काने लेग्रँड चाच्याचा संकेत उलगडू लागतो. खजिना तर त्यापूर्वीच हाती आलेला असतो. तरीही तो कसा सापडला हे जाणण्याच्या ओढीने वाचक सारे विवेचन आनंदाने ऐकून घेतो.

कोरी डॉक्टरो याच्या ‘लिटल ब्रदर’ (2008) या किशोरांसाठी लिहिलेल्या कादंबरीपुढे याहून बिकट प्रश्न आहे. सॅन फ्रान्सिस्कोतील बाँबस्फोटानंतर सरकार नागरिकांच्या हालचालींवर पाळत ठेवू लागते आणि मार्कस हा शाळकरी नायक सवंगड्यांना संगणकावरील संदेश कूटबद्ध करावयास शिकवितो. म्हणजे येथे गुपित फोडावयाचे नसून राखावयाचे आहे. फुटलेले गुपित ही घटना होय. राखलेल्या गुपितात काहीच घडत नाही. त्यामुळे कथानक वारंवार थबकते आणि नायकाच्या मुखातून लेखकच पाठ देऊ लागतो. शेवटी ब्रूस श्नायर यांच्यासारख्या तज्ज्ञाचा लेख जोडावा लागला, हेही सूचक आहे.

मात्र सगळेच पाठ उपरे नाहीत. दहा लाखांत एकासच होणाऱ्या रोगाची 99 टक्के अचूक चाचणी सुमारे 10,000 निरोगी माणसांना रोगी ठरवील, हे गणित घ्या. पाठ्यपुस्तकात ते उदाहरण म्हणून संपले असते. येथे रस्त्यावर अडविल्या जाणाऱ्या निरपराध माणसांमुळे त्याला चेहरे लाभतात.

कादंबरीचे खरे बळ आणखी एका प्रसंगात आहे. सार्वजनिक किल्लीने कोणीही संदेश बंद करावा, खासगी किल्लीने तो धन्यानेच उघडावा, ही योजना गणितदृष्ट्या निर्दोष; पण ती किल्ली मित्राचीच, मध्ये दबा धरून बसलेल्या हेराची नव्हे, हे गणित सांगू शकत नाही. म्हणून ही मुले समुद्रकिनारी प्रत्यक्ष जमतात आणि समोरासमोर एकमेकांच्या किल्ल्यांची खातरजमा करतात. कोणाला बोलवावे, कोणाला वगळावे, या निवडीत भय आहे, मैत्री आहे, चुकण्याचा धोका आहे. पोच्या कथेत चिन्हांना जे स्थान होते, ते येथे माणसांना मिळते. कादंबरीतील यंत्रे आता जुनी झाली आहेत. वर्गात वाचावयास द्यावे ते हेच प्रकरण, आणि तेही यंत्रांवरील टिपांचा भार न घालता.