मालिकेतील प्रेम आणि आडनावांचा प्रश्न

प्रेमकथांच्या मालिकांवर आपल्या समीक्षेने फारसे लिहिलेले नाही. प्रस्थापित समीक्षेच्या लेखी ते वाङ्मयच नव्हे. आपण लिहिले नाही, कारण भूक, अपमान आणि विद्रोह यांचे हिशेब अजून चुकते व्हायचे आहेत. प्रेमाची चैन आपल्याला परवडत नाही, अशी आपली एक समजूत आहे. ही दोन मौने सारखी नाहीत, हे मान्य. परिणाम मात्र एकच झाला. आपल्या मुली जे आवडीने वाचतात त्याबद्दल त्यांच्याशी बोलायला कोणी उरले नाही.

आणि मुली वाचतात. अर्जुनी मोरगाव, सौंदड या बाजूने गाडीने गोंदियाला कॉलेजात येणाऱ्या कितीजणींच्या मोबाइलवर ‘प्रतिलिपी’वरची एखादी मालिका उघडी असते. २०१४ साली बंगळूरला सुरू झालेल्या या व्यासपीठावर मराठीतल्या कितीतरी लेखिका भागाभागांनी लिहितात. भाग साठ, भाग एकशे दहा. नायकाचे लग्न लागले की धाकट्या दिराची कथा सुरू होते, मग नणंदेची. आधीच्या पिढीच्या हाती गुलशन नंदांची हिंदी पॉकेट बुके होती. मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांना लागून असलेल्या आमच्या जिल्ह्यात हिंदी परकी नाही. ग्रंथालयात ना. सी. फडके होतेच.

या वाचनाला नाक मुरडणाऱ्यांत मी नाही. ‘हलकी अभिरुची’ हा शिक्का कोणाच्या हातात असतो हे आपल्याला ठाऊक आहे. अण्णा भाऊ साठे यांच्या ‘वैजयंता’, ‘चित्रा’ यांसारख्या कादंबऱ्या याच शिक्क्याने बाजूला पडल्या. ‘फकिरा’ला १९६१ साली राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला म्हणून तिचे नाव तरी घ्यावे लागते.

माझा आक्षेप वेगळा आहे. उन्हाळ्याच्या सुटीत मी अशा तीन मालिका नेटाने वाचून काढल्या. नायकांची आडनावे पाहा: देशमुख, इनामदार, सरदेसाई. मेश्राम नाही, गजभिये नाही, रामटेके नाही, शहारे नाही. जात हा शब्द शेकडो पानांत एकदाही येत नाही. मग प्रेमाच्या वाटेत येते काय? गैरसमज, नायकाचा अहंकार, आजारी आजोबांचा हट्ट, परदेशातून अचानक परतलेली जुनी मैत्रीण. यातली प्रत्येक अडचण चार भागांत मिटवता येते. जी मिटत नाही तिला लेखिकेने उंबऱ्याबाहेरच ठेवलेले असते. हे तंत्र नवे नाही. ‘प्रतिभासाधन’ (१९३१) लिहून कादंबरीचे तंत्र शिकवणाऱ्या फडक्यांनाही आपल्या नायकाची जात सांगावी लागत नसे. बंगला, बगीचा आणि कॉलेज एवढे सांगितले की वाचक ओळखत असे.

मालिकेचा आकारच मला इथे महत्त्वाचा वाटतो. एकटी कादंबरी दोन माणसांची असू शकते. मालिका ही कुळाची असते. आमच्या इंग्रजीच्या विद्यार्थिनी सध्या ज्युलिया क्विन या अमेरिकन लेखिकेची ‘ब्रिजर्टन’ मालिका वाचतात. २०२० पासून ती नेटफ्लिक्सवर आली आणि तिचे नाव इथवर पोचले. मूळ पुस्तके आठ, २००० ते २००६ या काळातली. एका उमराव घराण्यातली आठ भावंडे, प्रत्येकाला एक पुस्तक आणि एक लग्न. तिसऱ्या पुस्तकात थोरल्या घरचा मुलगा मोलकरणीच्या प्रेमात पडतो. वाचक सुखावतो, भिंत पडली म्हणतो. पण ती मोलकरीण आरंभापासूनच एका उमरावाची मुलगी आहे! औरस नसेल, रक्त मात्र वरचेच. आपल्याकडच्या मालिकांतही अनाथ नायिका अखेरीस मोठ्या घरची निघते. तेव्हा पुढच्या भागाची वाट पाहणे म्हणजे एकाच वर्तुळातले पुढचे लग्न पाहणे. सजातीय विवाहाची परंपरा याहून निराळ्या रीतीने चालते काय?

हेच मी वर्गात बोललो. तेव्हा एका मुलीने दिलेले उत्तर नोंदवले पाहिजे. ती म्हणाली, “सर, तिथं कोणी जात विचारत नाही ना, म्हणून वाचाले बरं वाटते.” खोली भाड्याने घेताना जिला पहिल्यांदा पूर्ण नाव विचारतात, तिच्या या बोलण्याला पळवाट म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. जातीविना जगण्याची इच्छा ही आपल्याच चळवळीची इच्छा आहे. पण या मालिका जात मोडून ती पुरी करत नाहीत. जिला जात विचारली जाते अशा मुलीला आत न घेताच त्या ती पुरी करतात.

बाहेर काय चालले आहे? ‘प्रतिलिपी’ सुरू झाली त्याच २०१४ सालच्या २८ एप्रिलला नगर जिल्ह्यातल्या खर्डा गावी सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याचा खून झाला. वरच्या जातीच्या मुलीशी तो बोलत होता, एवढा संशय पुरला. २०१७ साली सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. मालिकेत करारावर सही होऊन एका रात्रीत लग्न लागते. प्रत्यक्षात १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस कार्यालयात लागते. त्या तीस दिवसांत नोटीस कोण वाचून जाते आणि कोणाच्या घरी निरोप पोचतो, हे कार्यकर्त्यांना सांगायला नको. बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिनिर्मूलना’त आंतरजातीय विवाह हा खरा उपाय म्हटला आणि त्याला आड येणाऱ्या धर्मशास्त्रांवर बोट ठेवले. आपल्या प्रेमकथेतला खलनायक तिथे कधीचा दाखवून ठेवला आहे.

आपल्या साहित्यात प्रेम नाही असेही नाही. ऊर्मिला पवार यांच्या ‘आयदान’मध्ये (२००३) प्रेम आहे, त्या प्रेमाचे लग्न आहे, आणि मालिका जिथे संपते त्याच्या पुढचेही आहे: बायको एम. ए. करते, चळवळीत जाते, तेव्हा प्रेमाने वरलेल्या नवऱ्याला ते कसे सोसत नाही. हे दुसऱ्या जातीने केलेले नव्हते. म्हणूनच ते लिहिणे अवघड होते आणि म्हणूनच माझ्या मुलींनी ते वाचावे असे मला वाटते. मात्र आत्मकथन एकदाच लिहिता येते. रोज एक भाग मागणाऱ्या वाचकाची भूक त्याने भागत नाही, आणि ही भूक वाईट नव्हे.

म्हणून संपादकांना एक सूचना करतो. कविता आणि आत्मकथनाचे अंश आपण छापतोच. आता एखादी शहारे आडनावाची नायिका, तिचा पोवार किंवा कुणबी मित्र, नोटिशीचे तीस दिवस, तिच्या आईची भीती, त्याच्या गावची बैठक आणि लग्नानंतरची धुणीभांडी, एवढे घेऊन कोणी प्रेमकथा लिहायला घेतली, तर तिचा पहिला भाग पुढल्या अंकात छापावा. खाली ‘क्रमशः’ लिहायला विसरू नये.